अभिनंदनाचा मजकूर

अनुदानाच्या मंजुरीची मेल आली तेव्हा ती माझ्या पलीकडच्याच टेबलावर बसली होती. तिनं ती वाचली, चष्मा काढून ओढणीनं पुसला आणि पुन्हा वाचली. मग खुर्ची जराशी माझ्याकडं वळवून म्हणाली, "सर, आपल्या विभागाला मिळालं."

मी "वा, वा" म्हणालो. एकदा म्हणून भागलं असतं, पण आवाज कोरडा आला होता, म्हणून परत म्हणालो. दुसऱ्याचं बरं झाल्यावर जे होतं त्याला आपल्याकडं पोटात दुखणं का म्हणतात, ते मला पन्नाशी गाठल्यावर कळलं. ते खरंच पोटात होतं. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

मी इस्लामपूरजवळच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात संगणक शिकवतो. नोकरीची सगळी वर्षं इथंच गेली. माझं गाव कराडच्या अलीकडं. घरचा ऊस आहे, भाऊ फौजेत होता, घरात शिकलेला असा मीच. बोलायची सवय मला फारशी नाही. वर्गात बोलतो तेवढंच.

केंद्र सरकारच्या एका खात्यानं सायबर सुरक्षा आणि खासगीपणा या विषयांवर संशोधनाला आणि शिक्षणाला अनुदान द्यायचं ठरवलं आणि प्रस्ताव मागवले, तेव्हा आमच्या विभागातून दोन गेले. एक माझा, एक तिचा. ती माझीच विद्यार्थिनी. शिकून, पुण्यात पीएचडी करून परत आमच्याकडंच शिकवायला आलेली.

माझा प्रस्ताव जाडजूड होता. संगणकांच्या जाळ्यात शिरणारा हल्लेखोर यंत्रानं आपोआप कसा ओळखायचा, असा विषय. आकृत्या होत्या, समीकरणं होती, मागं संदर्भ होते. खरं सांगायचं तर त्यातलं माझं स्वतःचं फार थोडं होतं. दहा ठिकाणचं वाचून मी ते व्यवस्थित रचलं होतं, एवढंच. तिचा प्रस्ताव साधा होता. घरात एक फोन असतो, तो नेमका कुणाचा असतो? त्याचा पिन कुणाकुणाला माहीत असतो? बँकेचा ओटीपी गल्लीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ओरडून का सांगितला जातो? 'आमच्यात लपवायसारखं काय हाय' म्हणणाऱ्या माणसाला माहिती जपायला शिकवायचं तर सुरुवात कुठून करायची?

लिहायच्या आधी ती माझ्याकडं आली होती. म्हणाली, "सर, सहसंशोधक म्हणून तुम्ही या ना. तुमचं नाव असलं की वजन येईल."

मी स्टाफरूममधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा हसलो. "अगं, ओटीपी ओरडण्यावर कुठं संशोधन असतंय? आमची आईसुद्धा ओरडते."

"मग त्यांच्यापासूनच सुरू करू की."

सगळे हसले. मीही हसलो आणि नाही म्हणालो. म्हणजे तो मान माझ्या दारात चालत आला होता आणि मीच त्याला चहा न पाजता परत पाठवला होता. हे आठवलं की अजूनही मी बसल्या जागी कूस बदलतो.

तज्ज्ञ समितीपुढचं सादरीकरण दोघांचंही ऑनलाइन झालं, एकाच दिवशी, कॉलेजच्या बैठकीच्या खोलीत. माझं आधी. समितीतले एक गृहस्थ माझं चालू असताना दुसरंच काहीतरी वाचत होते. शेवटी कुणीतरी विचारलं, "यात तुमच्या भागाचं काय आहे?" मी म्हणालो, हल्ले सगळीकडं सारखेच असतात. ते "ठीक" म्हणाले. मग तिचं. मी बाहेर जायला हवं होतं, पण वायर नीट बसवायच्या निमित्तानं कोपऱ्यात थांबलो. ती सांगत होती की तिच्या गावात दुधाच्या डेअरीवरच्या माणसाला अर्ध्या गावाचे पिन पाठ आहेत, आणि त्यानं आजवर कुणाला फसवलेलं नाही. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. चांगल्या माणसाच्या भरवशावर चाललेली गोष्ट मोडायची कशी? वाचत बसलेल्या त्या गृहस्थांनी मान वर केली. मग ते हसले, आणि त्यांनी तिला ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं.

माझा नकार आला त्यात एकच शेरा होता. नावीन्य आढळत नाही.

तिला मिळालेल्या गोष्टी मी एकेक करून बघत गेलो. कोपऱ्यातली मोठी खिडकी असलेली खोली मी दोन प्राचार्यांकडं मागत आलो होतो. ती प्रकल्पाची प्रयोगशाळा झाली. दारावर 'प्रकल्प प्रमुख' अशी पाटी लागली. दोन संशोधन सहायक आले, ते तिच्या मागं वह्या घेऊन फिरायचे. शिपाई चहाचा ट्रे घेऊन आला की आधी माझ्यापाशी यायचा. आता आधी त्या खोलीत जाऊ लागला. कुणी सांगितलं होतं असं नाही. ट्रेलासुद्धा वारं कळतं.

ती उतली असती तर मला सोपं गेलं असतं. ती माझ्याशी तशीच वागायची. 'सर' म्हणायची, मी आलो की उठायची. प्रकल्पातल्या शिबिरांच्या आखणीत माझं मत विचारायची. तिनं मत विचारलं की मला वाटायचं, मला भीक घालते आहे.

घरी मी तिचं कौतुक सांगायचो. तेच शहाणपणाचं वाटायचं. बायको भाकरी थापता थापता एकदा म्हणाली, "त्या पोरीचं कौतुक करताना तुमचा आवाज वाळल्या पाचटागत का वाजतोय?"

"काहीतरीच काय."

"मला काय करायचंय. घसा दुखत असंल तर हळद घ्या."

आता जे सांगायचं आहे त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. आमच्याकडच्या खासगी कॉलेजांत एक पद्धत आहे. बारावीचा निकाल जवळ आला की प्राध्यापकांना गाड्या देऊन गावोगाव पाठवतात, मुलं गोळा करायला. त्यातच एका उन्हाळ्यात मी आटपाडी तालुक्यात गेलो होतो. एका हुशार मुलीचं नाव शाळेतून कळलं होतं. घर गावाबाहेरच्या वस्तीत. वडील सूतगिरणीत कामाला. बौद्ध कुटुंब. भिंतीवर फोटो, फोटोंखाली पुस्तकांची फळी. वडिलांनी तांब्या-भांडं पुढं केलं आणि जरा थांबून विचारलं, "आवं सर, पाणी घेताय न्हवं?"

मी पाणी घेतलं. आणि त्या पाण्याचा मला इतका अभिमान वाटला की पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला त्यावर चांगला माणूस समजत आलो. घरी सांगितलं, मित्रांना सांगितलं. तहान लागली होती म्हणून पाणी प्यालो, असं मात्र कधीच म्हणालो नाही.

ती मुलगी म्हणजे हीच. कॉलेजात शिकवायला आल्यावर ती स्वतःचं नाव आणि वडिलांच्या नावाचं आद्याक्षर एवढंच लिहायची. पाटीवर तेच, हजेरीवर तेच. आडनाव विचारलं तर सांगायची, लपवत नव्हती. पण आपणहून पुढं करत नव्हती. गाव विचारलं तर "आटपाडीकडचं" म्हणायची आणि विषय द्राक्षांवर किंवा पाण्याच्या टँकरवर न्यायची. मला तिचं कारण माहीत होतं. तिनं सांगितलं नव्हतं, पण या भागात जन्मलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

वडील गेल्यावर तिनं आईला इस्लामपूरला आणलं होतं. आईला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. तळमजल्यावरची खोली हवी होती आणि जवळपास फिजिओथेरपीचा दवाखाना. बरीच पायपीट करून दोन्ही मिळालं होतं. घरमालक साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्या थोड्या ओळखीचे. म्हातारी भिंतीला धरून दवाखान्यापर्यंत जाऊ लागली होती. ही बातमी तिनं स्टाफरूममध्ये पेढे वाटून सांगितली होती.

अनुदान मिळालं म्हटल्यावर सत्कार आलाच, आणि सत्कार म्हटला की फ्लेक्स. आमच्याकडं फ्लेक्सशिवाय काही घडलं असं कुणी मानत नाही. शिरवळपासून खाली येताना हायवेला लागूनच बघा. पोरगं भरती झालं, हवालदाराचा सुभेदार झाला, कुणाचा वाढदिवस. फोटो, जन्मतारीख, पलटण, गाव, फोन नंबर, सगळं आठ बाय दहाच्या कापडावर. तिच्या संशोधनात हाही एक भाग होता. लोक अभिनंदन करताना दुसऱ्याचं काय काय उघडं करतात, हा.

प्राचार्य मला म्हणाले, "मजकूर तुम्ही द्या. तुम्ही तिचे गुरू."

छपाईच्या दुकानातला माणूस ओळखीचा. त्यानं तिचा फोटो पडद्यावर घेतला. "मॅडमच्या मागं काय टाकू? वाघ टाकू?"

"संशोधनाला वाघ कशाला रे?"

"मागच्या आठवड्यात एका सरपंचाला टाकलाय, उरलाय. बरं, कुलूप टाकतो. सायबर हाय न्हवं?"

त्यानं मोठं पिवळं कुलूप टाकलं.

"नाव?"

"पूर्ण टाक." मी वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं.

"गाव?"

मी गाव सांगितलं. आणि गावाच्या पुढं वस्तीचं नाव सांगितलं. ते नाव असं आहे की ते ऐकल्यावर आमच्याकडं माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. छपाईवाल्याची बोटं थांबली. "वस्ती बी टाकायची, सर?"

"टाक. मातीशी नातं असलेली मुलगी आहे. कळू दे लोकांना."

"बरं," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "मोबाईल नंबर?"

"नको नको. तिचा विषयच तो आहे."

हे मी खरंच म्हणालो. आणि नंतर प्राचार्यांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं, की बघा, सरांनी नंबर टाकला नाही, खासगीपणाचं भान ठेवलं. दुकानातून निघताना मी आणखी एक गोष्ट सांगितली. एक प्रत कॉलेजच्या फाटकावर लाव, आणि एक मॅडमच्या कॉलनीच्या तोंडाला. त्यांच्या शेजारपाजाऱ्यांनाही दिसू दे.

अनेक महिने मी स्वतःला सांगत होतो की मी अभिमानानं लिहिलं. तसं नव्हतं. नाव सांगताना पोटातलं दुखणं हलकं होत गेलं होतं. शब्दागणिक बरं वाटत होतं. चांगल्या हेतूनं लिहिताना असं होत नाही.

सत्काराला तिला फेटा बांधला. फाटकावरचा फ्लेक्स तिनं येतानाच पाहिला असणार. तो तिनं वरपासून खालपर्यंत वाचला की नाही मला माहीत नाही. भाषणात तिनं माझे आभार मानले. मी टाळ्या वाजवल्या.

दोन-चार दिवसांनी सकाळी स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर तिचे घरमालक भेटले. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आवं सर, मॅडम त्या वस्तीतल्या हायत व्हय?"

मी कप तोंडाला लावला.

"तुमी आधी कवा बोलला न्हाईसा."

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"आमाला कोण सांगणार? बाई लय गुणाची, त्यात वाद न्हाई. भाडं वेळेत, आवाज न्हाई, गडबड न्हाई. माझं सोताचं तर काईच न्हाई बघा. मी कारखान्यावर सगळ्यांसंगं जेवलोय. पण घरात म्हातारी हाय, बायकांचं देवाधर्माचं असतंय." ते थोडं थांबले. "तसं धाकट्याचं लगीन बी काढायचंय. खोली लागंलच की."

त्या माणसाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. परवानगी असेल, किंवा रागावणं. मी नुसतं "असं करू नका, मी त्या घरात पाणी प्यालोय, तुम्ही शिकलेले आहात" एवढं म्हणालो असतो तर कदाचित तो वरमला असता. माझी त्याच्यापुढं तेवढी पत होती. मी म्हणालो, "तुमच्या घरचा प्रश्न आहे." आणि दोघांच्या चहाचे पैसे दिले.

महिना संपायच्या आत तिनं खोली सोडली. स्टाफरूममध्ये तिनं सांगितलं, "मालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय म्हणे." त्या 'म्हणे'नंतर ती थोडी थांबली आणि मग वह्या तपासायला लागली. इस्लामपुरात दुसरी खोली मिळाली नाही. ती सांगलीला मामांकडं राहायला गेली. दुसरा मजला. जिना अरुंद. आई जिना उतरू शकत नाही, त्यामुळं फिजिओथेरपी थांबली, आणि भिंतीला धरून चालणंही थांबलं. ती रोज एसटीनं येते-जाते. उशीर झाला की शिपाई तिचा चहा झाकून ठेवतो. तेवढ्या चहाचाही मला हेवा वाटला आहे, हे सगळं कळत असताना. लाज वाटली म्हणजे हेवा जातो असं मला वाटायचं. दोन्ही एका अंथरुणात झोपतात.

प्रकल्पाचं काम पुढं सरकलं आणि फ्लेक्सच्या भागाची पाळी आली. त्यांनी रस्त्यावरच्या फ्लेक्सचे फोटो गोळा केले होते आणि ज्यांनी मजकूर दिला त्यांच्या मुलाखती घेत होते. सहायकांपैकी कुणीतरी येईल असं मला वाटलं. ती स्वतः आली. समोर बसली आणि सगळ्यांना वाचून दाखवतात ते संमतीचं निवेदन तिनं मला वाचून दाखवलं. भाग घेणं ऐच्छिक आहे. कुठल्याही प्रश्नाला उत्तर न देण्याची मुभा आहे.

"आपल्या विभागाचा फ्लेक्सही नमुन्यात आलाय, सर. मजकूर कुणी ठरवला?"

"मी."

"ज्या व्यक्तीबद्दल होता, तिला विचारलं होतं का?"

"नाही."

"फोन नंबर टाकला नाही. ते कशामुळं?"

"तो खासगी असतो म्हणून."

तिनं ते लिहून घेतलं. तिचा चेहरा तसाच होता, बाकीच्यांच्या मुलाखतींत असेल तसा. "आणि बाकीचा तपशील? गाव, वस्ती. तो घालावासा का वाटला?"

पंखा फिरत होता. पलीकडच्या वर्गात कुणीतरी फळ्यावर खडू ओढत होतं. ती थांबली, पुरेशी थांबली.

"उत्तर द्यायचं नसेल तर तसं लिहिते."

"लिही."

तिनं लिहिलं. मग उठता उठता म्हणाली, "तुमचं नाव, पद, कॉलेज, कुठंच येणार नाही. ज्यानं माहिती दिली त्याला त्रास होता कामा नये, असा नियम आहे अनुदानाचा."

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मागं आहे. उत्तर अवघड नव्हतं. मला तिच्यासारखं व्हायचं होतं, ते होता आलं नाही, मग ज्या एका गोष्टीत मी जन्मानं तिच्या वर धरला जातो ती गोष्ट मी चौकात नेऊन टांगली. एवढंच उत्तर. ते देता येईना म्हणून हे लिहायला बसलो, आणि लिहून झाल्यावर लक्षात आलं की हाही तिच्याबद्दलचाच मजकूर आहे आणि हाही मी तिला न विचारताच लिहिला आहे.

म्हणून ही पानं घेऊन मी तिच्या खोलीत गेलो. म्हणालो, "तुम्ही वाचा. नको म्हणालात तर फाडतो." तिला मी 'तुम्ही' म्हणालो, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तिच्या लगेच आलं असावं, कारण तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं.

तिनं माझ्यासमोरच वाचलं. मला खिडकीबाहेर बघत बसावं लागलं. मग पेन घेऊन दोन ठिकाणी खोडलं. दवाखान्याचं नाव मी लिहिलं होतं, ते गेलं. दुसरं काय खोडलं ते सांगत नाही.

"आईचं राहू दे," ती म्हणाली. "ते खरं हाय." आमच्याशी ती कधी 'हाय' म्हणत नाही. पानं तिनं सारखी करून परत दिली. "माफी मागितली नाही तुम्ही यात कुठं."

"मागू?"

"नको. मागितली की मला द्यावी लागेल."

मी बरं म्हणालो. दारापाशी जाऊन पुन्हा वळलो. इस्लामपुरात खोली बघतेस का अजून, विचारलं. एखादी माझ्या ओळखीनं—

"बघतेय. आता फोनवरच आधी आडनाव सांगते, गाव सांगते. मग उगाच बघायला जायला नको, परत यायला नको." तिनं पिशवीत डबा टाकला, घड्याळ पाहिलं. "कालच एका बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बघायला या. तळमजला आहे. पण दवाखाना लांब पडतोय."

सांगलीच्या गाडीची वेळ झाली होती. ती निघाली. मी तिच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभा राहिलो. तिथं उजेड खरंच चांगला येतो.